कुसुमताईंचं नेलकटर

कुसुमताई गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही, भीती वाटली. आदल्याच दिवशी त्यांनी माझ्या आईसाठी वलगाव रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात तक्रार केली होती, आणि तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी तिथं जायचंच, हा त्यांचा नेम होता. तो दुसरा दिवस उजाडला आणि त्या झोपेतून उठल्याच नाहीत...

कुसुमताई एसटीत कंडक्टर होत्या, अकोट डेपोला. निवृत्तीनंतर अमरावतीत आमच्या शेजारी राहायला आल्या. नात्यातल्या कुणाला भेटायला म्हणून त्या आश्रमात गेल्या आणि मग जातच राहिल्या. आवाज असा, की भरल्या गाडीत मागच्या सीटवर झोपलेला माणूस तिकिटासाठी दचकून उठावा. आश्रमात मात्र अगदी हळू बोलत. "काही त्रास आहे का?" असं कुणाला विचारत नसत, कारण दारात आया उभी असते. त्या नेलकटर काढायच्या, म्हातारीचा हात मांडीवर घ्यायच्या. नखं कापता कापता मनगट, दंड नजरेखालून जायचे आणि मान खाली घालून बसलेली म्हातारी हळूहळू बोलायला लागायची. पुढे कार्यालयात तक्रार करताना कुठल्याच म्हातारीचं नाव निघायचं नाही. "मी पाह्यलं," एवढंच त्या म्हणत.

अर्धांगवायू झाल्यावर आईला मीच तिथं ठेवलं. मी विचारलं की ती म्हणे, "सगळं चांगलं हाये." दुपारी तिचा धड असलेला हात ओढणीनं खाटेला बांधतात, हे कळलं ते कुसुमताईंना. मी त्यांच्या हातापाया पडले, "नका बोलू. आपण घरी येऊ, ती तिथंच राहणार." त्या म्हणाल्या, "भेव मलेही वाटते, वंदना. म्हणूनच त दुसऱ्या दिवशी जा लागते. बुढीले पाहाले कोणीतरी येते, हे त्यांले मालूम पायजे." मग त्या बोलल्या. व्यवस्थापकानं फक्त वळून कार्यालयाच्या दारातून आईच्या खाटेकडे पाहिलं.

त्यांना पोचवून आल्यावर त्यांच्या मुलीनं न मागता ते नेलकटर माझ्या हातात ठेवलं. "आज जायचं होतं न तिले..." एवढंच म्हणाली. मी तशीच ऑटोत बसले. आई गळ्यापर्यंत शाल ओढून पडली होती.

"कुसुम काहून नाही आली?"

मी सांगितलं. तिनं बाहेर असलेला हात शालीत ओढून घेतला. "हात दाखव," मी म्हटलं. तिनं आधी दाराकडे पाहिलं. आया उभी होती. बऱ्याच वेळानं हात बाहेर आला. मनगटावर जुनाच वण होता, नवा नव्हता. मी नेलकटर काढलं आणि पहिल्याच नखाबरोबर कातडीही कापली गेली. आईनं हात तसाच माझ्या हातात ठेवला. "उद्या येशीन?" तिनं विचारलं.

तेव्हापासून रोज जाते. फाटक आलं की भीती वाटते. ती सवय काही सुटत नाही. शेजारच्या खाटेवर हिवरखेडच्या एक आजी आहेत. नखं कापून घेत, पण माझ्याशी चकार शब्द बोलत नसत. परवा मी निघायला उठले, तर त्यांनी हात पुढे केला. त्यांची नखं मी आदल्याच दिवशी कापली होती.

मी दाराकडे पाहिलं. मग खाटेवर बसले आणि पर्समधून नेलकटर पुन्हा बाहेर काढलं.