लग्नपत्रिका वाचणारी वकीलबाई

अकोल्यात अठ्ठावीस वर्षं शिकवलं आणि तेवढ्या काळात अकरा घरं बदलली. सगळी भाड्याची. कुणाचा मुलगा पुण्याहून परत यायचा, कुणाला वरचा मजला चढवायचा असायचा, एकीला तर आमच्या कुकरच्या शिट्यांचा त्रास व्हायचा. दर वेळी नवरा मुकाट्यानं खोकी बांधायला घ्यायचा आणि मी घरमालकाशी भांडून घ्यायचे. भांडून उपयोग काही नसायचा, पण मला जरा बरं वाटायचं. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं तेव्हा अकराव्या घरमालकानंही सांगितलं, की दिवाळी झाली की खोल्या रिकाम्या करा. मी नवऱ्याला म्हटलं, आता खोकी बांधायची ती आपल्या स्वतःच्या घरी जायला. नाहीतर मी शाळेतच सतरंजी टाकते.

घर सापडलं अमरावतीला, वलगावकडच्या बाजूला. तीन खोल्या, मागं अंगण, पुढं कडुनिंब. विकणारे दोघे भाऊ होते. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं, आईवडील दोघंही जाऊन बरीच वर्षं झालेली. बोलणी थोरला करायचा. माणूस फार गोड. पहिल्या भेटीत त्यानं मला वहिनी केलं, दुसऱ्या भेटीत पोहे खाऊ घातले आणि तिसऱ्या भेटीत मुलीच्या लग्नाची पत्रिकाच हातात ठेवली. "आता तुमी घरच्याच झाल्या वहिनी, लगनाले याच लागते." आम्ही गेलो, पंगतीत जेवलो, आहेर केला. आमच्याकडं व्यवहार असाच होतो. आधी सोयरिक जमते, कागद मागून येतात.

मग प्रश्न आला वकिलाचा. नवऱ्याचा मावसभाऊ अकोल्यात वकील आहे. अपघाताच्या केसेस चालवतो, बोलायला तरबेज. त्यानं फोनवर फोटो मागवले आणि जेवता जेवता निकाल दिला. "एकदम क्लिअर आहे वहिनी, डोळे मिटून घ्या." फी घेणार नव्हता, घरचाच ना! इकडं विकणारा म्हणायचा, "दोन वकील कायले जी? आपला एक ठरलेला आहे, दोघांचंही काम करून देते." नवरा खूश झाला. दोन-दोन वकील फुकट मिळत होते. मला मात्र ते डोळे मिटणं पटेना. डोळे मिटून मी आयुष्यात भाजीसुद्धा घेतली नाही.

रजिस्ट्री कशी होते ते एकदा बघून घ्यावं म्हणून आम्ही अमरावतीच्या निबंधक कार्यालयात गेलो. लोखंडी बाकं, लोकांची ही गर्दी, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची फाईल. तिथं दारातच एक वकीलबाई आपल्याच पक्षकाराला झापत होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, काळ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. "आज होत नाई रजिस्ट्री. चाला घरी. तुमची माय कुठी आहे? तिच्या सहीबिगर हा कागद मी आत नेत नाई." तो माणूस गयावया करत होता, मुहूर्त आहे, पाहुणे आलेत, पेढे आणलेत. बाईंनी फाईल काखेत मारली आणि म्हणाल्या, "मंग पेढे खा अन् घरी जा." मी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. आपलंच काम दारातून परत पाठवणारी वकील मी पहिल्यांदा पाहत होते. वकील हीच, असं मी तिथंच ठरवलं. नवरा म्हणाला, "अगं, किती रागीट आहे ती." मी म्हटलं, "म्हणूनच."

दुसऱ्या आठवड्यात सगळे कागद घेऊन त्यांच्याकडं गेलो. आखीव पत्रिका, म्हणजे घराचा सातबाराच म्हणा, तिच्यावर दोन्ही भावांची नावं होती. वडिलांच्या मृत्यूचा दाखला होता, कर भरल्याच्या पावत्या होत्या. बाईंनी सगळं चाळलं, बाजूला ठेवलं आणि विचारलं, "यायच्या घरच्या लगनाची पत्रिका आहे का तुमच्याकडं?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मॅडम, मी घर घ्यायला आलेय, स्थळ बघायला नाही."

"आहे का नाई?"

होती. माझ्या पर्समध्येच पडून होती, त्या लग्नाला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. बाईंनी चष्मा पुसला आणि ती पत्रिका आखीव पत्रिकेपेक्षा जास्त वेळ वाचली. गणपती, श्लोक, मुहूर्त सगळं सोडून थेट खालच्या बारीक अक्षरांत गेल्या, जिथं काका-काकू, मामा-मामी, आत्या यांची रांग असते. तिथं बोट ठेवलं. आत्या, मोर्शी. "हे कोन?"

आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. ही आत्या आम्ही लग्नात पाहिली होती! नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकताना रडत होती. ती आत्या, म्हणजे या दोघा भावांची सख्खी बहीण. आणि बहीण, म्हणजे बापाच्या घराची वारस. कागदावर तिचं नावच नव्हतं.

बाई म्हणाल्या, "सरकारी कागदात लोक बहीण इसरते. लगनाच्या पत्रिकेत नाई इसरत, तिथं इसरली तं ती रुसते ना. म्हनून मी पहिले पत्रिका पाहतो." वऱ्हाडात आम्ही बायकाही पाहतो, जातो असंच बोलतो. मग शांतपणे त्यांनी सांगितलं, की हिच्या सहीशिवाय आम्ही घर घेतलं असतं, तर उद्या ती किंवा तिची मुलं कोर्टात गेली असती, आणि आमच्या म्हातारपणाची वर्षं तारखांना गेली असती. तिची सही ठरेपर्यंत इसार द्यायचा नाही, म्हणजे बयाणा म्हणून एक पैसाही पुढं करायचा नाही. 

थोरल्या भावाला सांगितलं तर त्याचा सगळा गोडवा उतरला. "बहिनीले दर दिवाळीले आनतो, लुगडं नेसवतो, तिचं काय अडलं? तिनं कवाच सोडलं सारं." कुठं सोडलं, कोणत्या कागदावर, असं मी विचारलं. तर तो म्हणाला, "माह्याकडं दुसरे गिऱ्हाईक उभे आहे वहिनी, पाहून घ्या." अकोल्याहून मावसभावानंही फोन केला, की वकीलबाईनं उगाच घोळ घातला. दिवाळी दीड-दोन महिन्यांवर आली होती. एका संध्याकाळी नवऱ्यानं गच्चीवरून रिकामी खोकी खाली आणून ठेवली. 

मी तरातरा अमरावतीला गेले ते बाईंकडून फाईल परत घ्यायलाच. म्हटलं, तुमच्यामुळं माझं हातचं घर चाललं. खूप बोलले. वर्गात पोरांना बोलते तसं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा पेला पुढं केला आणि म्हणाल्या, "झालं बोलून? आता मोर्शीले जा. मी गेली तं तिले नोटीस वाटन. तुमी गेल्या तं पाहुनी."

थोरल्यालाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. तो आला तो फणफणतच. बाईंनी त्याला कायदा सांगितलाच नाही. एवढंच विचारलं, "भाऊ, पोरीचं लगन यंदाच केलं ना? उद्या तुमच्या मांगं तिच्या भावानं तिचं नाव वारसातून गाळलं, तं चालन का?" त्यानं खिशातला पेन काढला. मग त्यानं बहिणीचा पत्ता माझ्या वहीत स्वतःच्या हातानं लिहून दिला. धाकट्याचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, "थो माह्या शब्दाबाहीर नाई."

मोर्शीला त्या बहिणीची पिठाची गिरणी निघाली. पट्टा बंद करून ती बाहेर आली तेव्हा भुवयांपर्यंत पांढरी होती. मी तिला कुंकू लावलं आणि खण दिला. मग खरं तेच सांगितलं. अकरा घरं, दिवाळीची मुदत, खोकी, सगळं. आणि म्हटलं, ताई, तुमच्या सहीशिवाय ते घर मी घेऊ शकत नाही. तुम्ही हक्कसोड करून दिली तर बरं होईल. म्हणजे आपला हिस्सा भावांना सोडून दिला असं लिहून द्यायचं.

ती पदरानं तोंड पुसत राहिली. "बाप गेला तवापासून मले कोनी इचारलं नाई, बाई, तुही सही लागते का म्हनून. अन् तुमी परकी बाई एसटीत बसून इचाराले आल्या." मला वाटलं, झालं, आता सही मिळणार. पण ती म्हणाली, "हक्कसोड नाई करत मी. सोडाले माह्या हातात कवा देल्लं होतं? विकनाऱ्यात माहं नाव लिवा, भावायच्या बराबरीनं. मंग करतो सही."

परतीच्या एसटीत मी रडकुंडीला आले होते. वाटलं, भाऊ आता ऐकणं शक्य नाही, संपलं. बाईंना फोन केला तर पलीकडून त्या चक्क हसल्या. "लय चांगलं झालं. अशीच बाई पाह्यजे होती. आता ती सोताच विकते, कागद पक्का होते." थोरल्याशी त्याच बोलल्या. काय बोलल्या ते सगळं मला आजतागायत ठाऊक नाही, पण तिच्या सहीशिवाय दुसऱ्या गिऱ्हाईकालाही पक्का कागद देता येणार नाही, एवढं त्यांनी त्याला पटवलं होतं. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज पडलेला होता. "वहिनी, तिचं नाव चढवाले अर्ज देल्ला. तुमी थांबसान ना?"

थांबसान ना म्हणे! मी अकराव्या घरमालकाकडं गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा न भांडता बोलले. माणसानं संक्रांतीपर्यंत मुदत दिली. आश्चर्यच वाटलं मला. इकडं आखीव पत्रिकेवर तिचं नाव चढायला दोन-अडीच महिने गेले, त्या काळात मी वकीलबाईंना रोज फोन करायचे आणि त्या रोज म्हणायच्या, "अवो, मी काय पळून चालली का?" एक दिवस त्यांचाच फोन आला. कागदावर आता तीन नावं होती. मी स्वयंपाकघरातूनच नवऱ्याला हाक मारली. इतक्या महिन्यांनी जीव भांड्यात पडला.

रजिस्ट्रीच्या दिवशी ती मोर्शीहून एकटीच आली. मोरपंखी रंगाचं इरकली लुगडं, केस चापूनचोपून बसवलेले. दोघे भाऊ आधीच बाकावर होते. ती आली तशी थोरला उठला आणि त्यानं तिला पंख्याखालची जागा करून दिली. वकीलबाई आज दारात कुणाला झापत नव्हत्या, आमची फाईल छातीशी धरून उभ्या होत्या.

आत फोटो झाले, अंगठे झाले. निबंधक साहेब एकेकाला विचारत होते, मजकूर वाचला का, घर विकायला कबूल आहात का. थोरला म्हणाला, हो. धाकट्यानं मान हलवली. मग तिला विचारलं.

"हाव," ती म्हणाली, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी. "घर माह्या बापाचं. म्हनून माहंही. मी विकून राहिली."

"नुसतं हो म्हणा बाई," साहेब म्हणाले.

"तेवढंच म्हनाले मोर्शीहून आली मी."

कुणीतरी हसलं. थोरल्यानं मान खाली घातली. तिनं सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली, पेन साहेबांना परत दिला आणि माझ्याकडं वळली. "घ्या बाई. आता तुमाले घर खाली करा म्हननारं कोनी नाई."

मी तिथंच, सगळ्यांच्या देखत, भडाभडा रडले. नवरा पाणी आणायला धावला, पण त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं.