सोरियाचे तालुके

"तालुक्यात म्हणे मूठभर घरं! आमच्या चाळीत याहून माणसं जास्त रे!"

लाकडी पार्टिशनपलीकडून मास्तरांचा आवाज आला, मग छपाईचे खिळे जुळवणाऱ्याचं हसणं. माझी लेखणी थांबली. घाटकोपरच्या त्या छापखान्यात शाळांसाठी भूगोलकोश तयार होत होता. नोंदी मी लिहायची, त्या तपासायचे मालवणकडचे निवृत्त मास्तर. मला एक महिना अजमावून बघणार होते. शनिवारी संपादक ठरवणार, ठेवायचं की नाही. मास्तरांच्या भाचीलाही नोकरी हवी आहे, हे माझ्या कानावर आलं होतं.

हसले होते ते माझ्या नोंदीला. स्पेनमधल्या सोरियाविषयी मी इंग्रजीवरून लिहिलं होतं: उंच, थंड पठार, दूएरो नदीचा उगम, पोटासाठी शहराकडे निघून गेलेली माणसं आणि विरळ झालेली खेडी. ते सोपं गेलं. अडले ते विभागांपाशी. तिथला प्रॉव्हिन्स आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढा. म्हणून मी जिल्हा, त्याखाली तालुके, त्याखाली गावं असं लिहिलं. लिहिल्याचं मला पक्कं आठवत होतं.

प्रुफात मात्र प्रांत, जिल्हे आणि तालुके होते. सगळं एकेक पायरी वर चढलेलं. त्यामुळे डोंगरातलं प्रत्येक खेडं तालुका झालं होतं.

जुळणीला जाण्याआधी माझे कागद मास्तरांखेरीज कोणाच्या हातात जात नव्हते. मी त्यांच्यावर नजर ठेवू लागले. मी आत गेले की ते हातातला कागद पालथा घालत. एकदा म्हणाले, "काय गो बाय, तुमच्या इंग्रजी शाळेत तालुको शिकवतत काय?" मी नुसती हसले. त्या दिवसापासून मी डबासुद्धा माझ्या टेबलाशीच एकटी खाऊ लागले.

शनिवारी संपादकांनी आम्हा दोघांना बोलावलं. "हा प्रांत कुणी केला? सोरिया काय मुंबई इलाख्याएवढा आहे?"

मास्तर खाली बघत होते. घाबरले, असं मला वाटलं. मास्तरांनीच बदललं, हे माझं वाक्य तयार होतं.

"माझ्या नजरेतून सुटलां, साहेब," मास्तर म्हणाले. "माझीच चूक."

"मूळ कागद आणा."

मास्तर उठेनात. दोनदा सांगितल्यावर त्यांनी तो आणला. 'जिल्हा' होता. त्यावर रेघ मारलेली, आणि वर गोल गोल, शाळकरी अक्षरात 'प्रांत'; खाली त्याच अक्षरात तालुक्यांचे जिल्हे आणि गावांचे तालुके केलेले. मग आठवलं. कागद देण्याआधी माझं मराठी कच्चं दिसू नये म्हणून मी शब्दकोश उघडला होता, आणि त्यात प्रॉव्हिन्सला मिळालेला शब्द जास्त भारदस्त वाटला होता.

संपादक मास्तरांकडेच बघत होते.

"सर," मी म्हणाले, "ते अक्षर माझं आहे."