आमचे साडू आणि पलीकडचा काठ

भित्री माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली, पण भीतीचा संसार इतक्या टापटिपीनं थाटलेला माणूस आमच्या थोरल्या साडूंखेरीज अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. बाकीचे लोक प्रसंग आला की घाबरतात. साडू प्रसंगाची वाट बघत बसत नाहीत, ते आगाऊच घाबरून मोकळे होतात. कोल्हापुरात जन्म काढून त्यांनी आजवर तांबड्या रश्श्याला हात लावलेला नाही. पांढऱ्यावर भागवतात, आणि तोही आधी दुसऱ्या कुणीतरी चाखलेला असावा लागतो. गल्लीच्या तोंडाशी मिसळीचं नवीन दुकान निघालं तेव्हा मला आग्रहानं तिथं घेऊन गेले, माझ्यापुरती मिसळ मागवली आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "का, तुम्ही नाही घेणार?" असं विचारलं तर म्हणाले, "आज तुम्ही खावा, पावणं. उद्या सकाळी मी फोन करतो." फोन खरोखरच आला. मी धडधाकट आहे हे कळल्यावरही त्यांनी आणखी आठवडाभर थांबणं पसंत केलं. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीचं जेवण एका हॉटेलात वरच्या मजल्यावर होतं. आम्ही सगळे लिफ्टनं गेलो, साडू जिन्यानं निघाले, आणि दर मजल्यावर विसावा घेत ते येऊन टेकेपर्यंत आमची पंगत ताकावर आली होती.

पण या सगळ्या भीतींची पट्टराणी म्हणजे पाणी. गंमत अशी की साडू हायस्कुलात भूगोल शिकवायचे. ब्रह्मपुत्रा उगमापासून मुखापर्यंत फळ्यावर एका दमात काढत, एक वळण चुकत नसे. पंचगंगेच्या घाटाच्या खालच्या पायऱ्या मात्र त्यांनी लांबूनच पाहिल्या. दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायचा त्यांच्या घरचा नेम, आणि तिथं देवच नदीकाठी, त्यामुळे त्यांचा नाइलाज होता. ते कोरड्या जागेवरून हात जोडत आणि लगेच कवठाची बर्फी घ्यायला वळत. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, घाटावर नावांकडे बघत उभी राहायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची एकच हौस होती, जोडीनं नावेत बसून एकदा पलीकडच्या काठाला जाऊन यायचं. साडू म्हणत, "नदी कुठं पळून चाललीया व्हय? जाऊ की पुढच्या पौर्णिमेला." ही तक्रार अक्कानं नात्यात कुणाला सांगायची शिल्लक ठेवली नव्हती. बारसं असो की बारावं, "ह्यांनी मला कधी नावंत बसीवलं न्हाय" हे वाक्य कानावर पडल्याशिवाय कार्य पार पडल्यासारखं वाटत नसे. आम्ही सगळे अर्थातच तिच्या बाजूचे. साडू मान खाली घालून भात कालवत राहत.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या डोहाळजेवणात अक्का पुन्हा तेच बोलली, पण या वेळी आवाजात तक्रार नव्हती. "आता गुडघं चालंनात. ऱ्हायलं ते ऱ्हायलं," एवढंच म्हणाली आणि ओटीचं ताट उचलून आत गेली. साडूंचा भात तसाच पानात राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. "पावणं, मला पवायला शिकायचंय." मी म्हटलं, अहो, नावेत बसायला पोहायला कशाला यायला पाहिजे, नावाडी असतो की. तर म्हणाले, "मी एकटा बुडलो तर बुडलो. तिला संगं घ्यायचं आणि मलाच पवता येत न्हाय, हे कसं चालंल?"

कागलजवळ माझ्या एका मित्राच्या शेतात मोठी विहीर आहे. आमच्याकडे पोहायला शिकवायची जुनी रीत अशी, की झाकण घट्ट बसवलेला रिकामा पत्र्याचा डबा पाठीला बांधायचा आणि गड्याला पाण्यात ढकलून द्यायचं. डबा तरंगतो, त्याच्याबरोबर माणूसही. साडूंनी डबा आधी घरी बादलीत बुडवून तपासला. शिवाय एक पाठीला आणि एक पोटाला अशी दुहेरी तजवीज केली, त्यामुळे त्यांना पालथंही होता येईना आणि उताणंही. ते नुसतेच उभे तरंगत राहिले. मित्र वरून ओरडला, "मास्तर, हातपाय मारा की! वर्गात आल्यागत उभं काय ऱ्हायलाय?" उन्हाळाभर हे चाललं. पोटाचा डबा सुटला, पाठीचा काही सुटेना. शेवटी एका सकाळी मित्रानं गुपचूप झाकण सैल करून ठेवलं. डबा पाण्यानं भरला, आणि साडू तो भरला डबा ओढत विहिरीची अख्खी फेरी मारून आले. "आज डबा जड लागतुया," म्हणाले. मित्रानं तो त्यांच्यासमोर उपडा केला. साडू विहिरीच्या पायरीवर बसले आणि मग आपण होऊन, पाठ मोकळी ठेवून, पुन्हा उतरले. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

पावसाळा सरून नदी निवळली तेव्हा पौर्णिमेला आम्ही तिघं वाडीला गेलो. साडूंनी स्वतः नाव ठरवली, आधी आपण चढले, नाव डुलली तरी तोल सावरून उभे राहिले आणि अक्कापुढे हात केला. "ये." अक्का सगळा घाट उतरून शेवटच्या पायरीपर्यंत आली होती, म्हणजे गुडघे कुरकुरत का होईना चालत होते. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला न्हाय जमायचं. आवं, लई हालतीया ती."

"मी हाय की. मला येतंय आता."

अक्का हळूच म्हणाली, "तुम्ही न्हाय म्हणनार हे ठावं होतं. म्हणून तर एवढी मागं लागायची मी."

साडू नावेतून उतरून तिच्याशेजारी जाऊन बसले. नाव ठरलेली होती म्हणून मी एकटाच पलीकडे जाऊन आलो. मधेच मागं वळून पाहिलं, तर दोघं पाण्यात पाय सोडून बसलेली. इतकी वर्षं आम्ही जिला एका माणसाची भीती समजून हसत होतो ती दोघांची होती, आणि हसू तेवढं साडूंच्या वाट्याला येत होतं. मला वाईट वाटलं.

मग माझ्या नातीचं उष्टावण झालं. पंगतीत एका चुलत्यांनी नेहमीचा विषय काढला, "काय मास्तर, अक्काला बसीवलं का न्हाय नावंत?"

साडू सहज म्हणाले, "न्हाय ओ. मला पाण्याचं भ्या वाटतंय, ठावं हाय की तुम्हास्नी."

सगळे हसले. विहिरीची गोष्ट ठाऊक असलेला मी जेवत राहिलो. अक्का वाढत होती. तिच्या हातातली पळी थांबली.

"त्यास्नी येतंय पवायला," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "भ्या मला वाटतंय. पहिल्यापास्नं मलाच वाटतंय."

साडूंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. नवऱ्यानं बायकोकडे चारचौघांत इतका वेळ बघायची आमच्याकडे रीत नाही, पण ते बघत राहिले. अक्का त्यांच्या पानात भात वाढून पुढे सरकली.

त्यानंतरच्या पौर्णिमेला दोघं वाडीला जाऊन आली. या खेपेला मला कुणी बोलावलं नव्हतं. नावेत बसली की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही अजून विचारलेलं नाही.