सुनेची बरणी

शेजारच्या काकू कधीच काही फोडत नाहीत. वस्तू आपोआप फुटतात. इटलीच्या सुनेनं लग्नानंतर पाठवलेली काचेची बरणीही झरी गावच्या कैऱ्यांचं लोणचं भरताना अशीच फुटली. व्हिडिओ कॉलआधी काकूंनी मला गाठलं.

"माय, तू इंग्लिश मीडियमची. 'ब्रेक'ला इटलीत काय म्हणतेत? सूनबाईला राग नको यायला माझा."

मी मोबाइलमध्ये पाहिलं. "रोम्पेरे. फोडणं, मोडणं, वचन मोडणं, सगळ्याला तेच."

"लय बरं. एकात भागलं."

काकू दिवसभर तो शब्द घोकत होत्या. मला वाटलं, आज कबूल करणार.

संध्याकाळी सून पडद्यावर आली. काकूंनी तिला बरणीचे तुकडे दाखवले, "रोम्पेरे" म्हणाल्या आणि मोबाइल बाजूला पेपर वाचणाऱ्या काकांकडे वळवला. सून आपली खुशाली विचारतेय असं समजून काकांनी हसून मान डोलावली.