हातानं चालणाऱ्या गाडीतला पिवळा दिवा

माझ्या गाडीला पाय लागत नाहीत. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला एक दांडा आहे. पुढं ढकलला की ब्रेक लागतो, मागं ओढला की गाडी पळते. खाली त्याच्या दोन सळया दोन पेडलांना जोडलेल्या आहेत, आणि गिअर आपोआप पडतात. हैदराबादच्या एका कारागिराकडून हे बसवून घेतलं, आरटीओत नोंद केली, रीतसर परवाना काढला. दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर बांधले की माझे पाय मला उभं करतात, पण पेडल दाबणं त्यांच्याच्यानं होत नाही.

औरादहून संतपूरच्या शाळेत मी शिकवायला जाते. गाडी येईपर्यंत बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या सोयीनं गेले. भावाला वेळ असला तर त्याच्या मोटारसायकलवर, नाहीतर बसनं. कंडक्टर काखेत हात घालून वर ओढायचा आणि मग सगळ्या बसकडं असं बघायचा की आता टाळ्या वाजवा. गाडी आली त्या आठवड्यात मी कुणालाही न सांगता बीदरला गेले, डोसा खाल्ला आणि परत आले. घरी विचारलं तर मी म्हणाले, काही काम नव्हतं. काम नसताना कुठं जाता येणं म्हणजे काय, हे दोन पायांवर फिरणाऱ्याला सांगून कळत नाही.

त्या गाडीत एक दिवस पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा. तुरी काढायचे दिवस होते, रस्त्यावर ट्रॅक्टरची गर्दी. दिवा लागला आणि गाडीतलं बळच गेलं. दांडा कितीही ओढला तरी ती सायकलच्या वेगानं रखडत चालली. मागचे सगळे हॉर्न वाजवून माझा उद्धार करत होते. कडेला घेऊन बंद केली, पुन्हा चालू केली. गाडी शहाण्यासारखी पळाली, दिवा मात्र तसाच.

भाऊ आणि मी गाडी घेऊन बीदरला एका गॅरेजात गेलो. मेकॅनिकनं स्टिअरिंगखाली यंत्र जोडलं, त्यावर आलेले आकडे वाचले, एक बटण दाबलं. दिवा गेला. मग माझ्या जागेवर बसून, पायांनी पेडलं दाबत, चौकापर्यंत फेरी मारून आला. "एकदम मस्त है गाडी. टेन्शन नक्को लो," हे तो माझ्या भावाला म्हणाला. गाडी माझी, चालवते मी, प्रश्न मी विचारला, आणि उत्तर कायम भावाला. मी म्हटलं, अहो, मी इथं आहे. तो हसला आणि भावाला म्हणाला, "मॅडम को बोलो, ज्यादा मत खींचो."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या अलीकडे दिवा पुन्हा लागला.

दीड महिन्यात हे पाच वेळा झालं. दर वेळी यंत्र, दर वेळी दिवा पुसणं, दर वेळी कुणीतरी पायानं चालवून सांगणार की गाडीत खोट नाही. शोरूममधल्या माणसानं तर बॉनेटसुद्धा उघडलं नाही. दांडा बघितला आणि म्हणाला, "बाहेरचं काम केलंय. हे काढून आणा, मग बघू." मी विचारलं, "काढल्यावर आणू कशी?" त्यानं खरंच थोडा विचार केला आणि भावाकडं बोट दाखवलं.

मला चटकन राग येतो, आणि रागावर माझं बरंच निभावतं. पण एका सकाळी चढावर गाडी अशी मरगळली की मागं बस, पुढं ट्रॅक्टर आणि मध्ये मी. दांडा ओढून ओढून खांदा भरून आला. कॅलिपर गाडीतच आडवे ठेवलेले. उतरून कडेला उभं राहायचं म्हटलं तरी ते बांधायला वेळ लागतो. बसमधली दोन माणसं उतरली आणि मला न विचारता गाडी कडेला ढकलू लागली. मी काचेतून बघत बसले. त्या वेळी मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

संध्याकाळी भाऊ म्हणाला, "इकून टाकू गं. महिन्याचा ऑटो लावू. कामून जिवाला घोर लावून घेयलीस?"

तो चांगल्या मनानं बोलत होता, हेच वाईट होतं. मी म्हटलं, आठ दिवस थांब. आठ दिवसांत काय होणार, ते मलाही माहीत नव्हतं.

शाळेजवळ पाण्याच्या मोटारी भरून देणाऱ्याचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, हा त्याचा धंदा. गाडीतलं त्याला काही कळतं असं मला कधी वाटलं नव्हतं. एक दिवस तो मोटारसायकलवर माझ्या मागून आला आणि शाळेच्या फाटकाशी काचेवर टकटक करून म्हणाला, "अक्का, तुमी ब्रेक लावून गाडी पळवायलाव का? मागचा लाल दिवा पेटलेलाच हाय."

मी म्हटलं, दोन्ही एकदम कसं लागेल?

"मंग तुमी चालवून दावा. मी खाली बघतो."

दीड महिन्यात हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मैदानात मी गाडी हळूहळू फिरवत होते आणि तो शेजारच्या सीटवर उलटा वाकून, बॅटरीच्या उजेडात दांड्याच्या मुळाशी बघत होता. मी दांडा मागं ओढला की तो म्हणे, आता. सोडला की म्हणे, गेला. वेगाची सळई ओढली जाताना ब्रेकच्या सळईलाही थोडं सोबत नेत होती. गाडीच्या कॉम्प्युटरला कळेना, बाई थांबायचं म्हणतेय की पळायचं. म्हणून तो बळ काढून घेत होता. पायानं पेडल दाबलं की दांडा हलतच नाही, म्हणून पायानं चालवणाऱ्याला हे दिसणारच नव्हतं.

दोन सळया जिथं एकत्र येतात त्या सांध्यात काळे दोरे होते. एकावर एक गुंडाळलेले, हळद आणि तेलानं कडक झालेले. त्यानं ब्लेडनं कापून माझ्या हातावर ठेवले. अकरा गाठी होत्या.

आमच्याकडं अमावस्येला गाडी धुतात, नारळ फोडतात, लिंबू ठेवतात, दोरा बांधतात. माय ते सगळं करायची. समोर लटकवलेला दोरा मी एकदा चिडून तोडला होता, आणि नंतर तिनं बांधणं सोडलं असं मी समजत होते. तिनं सोडलं नव्हतं. मला दिसणार नाही अशी जागा शोधली होती. त्या दिवसापासून दिवा लागला नाही.

मी घरी सांगणार नव्हते. सेन्सर खराब होता म्हणायचं ठरवलं होतं. पण दुकानदारानं भावाला फोन केला होता, आणि भावाच्या पोटात काही राहत नाही. जेवताना तो हसत हसत म्हणाला, "माय, तुझ्याच दोऱ्यानं गाडी बंद पडायलती की! आमी गावभर हिंडलाव."

माय हसली नाही. तव्यावरची भाकरी करपत होती, तिनं ती उलटली नाही.

"मी दांड्याच्या गुडघ्याला बांधायलते," ती म्हणाली. "पायच हाय की तो हिचा."

भाऊ म्हणाला, अगं जाऊ दे, झालं ते झालं. ती त्याच्याकडं बघतच नव्हती.

"तव्हाबी हिला दवाखान्यात मीच न्हेलते. ताप व्हता म्हणून. सुई मीच द्याला लावली. सकाळी उठून बघते तर पाय लुळे."

पोलिओ सुईनं होत नाही, विषाणूनं होतो, हे मी वर्गात शिकवते. घरात ते कधी बोलले नाही. लहानपणी मी तिच्यावर चिडायची, तेव्हा ती काही उलट बोलायची नाही, आणि तो तिचा स्वभाव आहे असं मला वाटायचं. ती इतकी वर्षं हे धरून बसली होती हे मला माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं.

"माय, तुझं काही चुकलं न्हाई," मी म्हणाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"व्हय," ती म्हणाली, आणि करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.