सुनंदाच्या वर्गात प्रज्ञाचा तास

गेल्या मंगळवारी भरदुपारी, विक्रोळीला आमच्या शाळेत, सातवी 'ब'च्या शेवटच्या बाकावर बसल्या बसल्या मला दरदरून घाम फुटला. डोक्यावर पंखा गरगरत होता... तरीही.

झालं काय, की आमच्याकडे हल्ली शिक्षकांनी एकमेकांचे तास बघायचे असतात. मागे गप्प बसायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, आणि नंतर काय आवडलं, काय खटकलं ते सांगायचं. शिक्षिका नवीन असली की मोठ्या बाई माझं मत विचारतात, आणि तिला कायम करायचं की नाही ते बरंचसं त्यावर ठरतं.

या वेळी माझ्या वाट्याला आली प्रज्ञा. जूनमध्ये वाशीमहून आलेली, गणित शिकवणारी. तिला सुनंदाच्या जागेवर घेतलंय... सुनंदा म्हणजे माझी जिवाभावाची मैत्रीण, मे महिन्यात ध्यानीमनी नसताना गेली.

खरं सांगू? या पोरीला जमत नाही असं सांगायचं, हे मी मनाशी ठरवूनच वर्गात शिरले होते. तिचं काही चुकलं नव्हतं हो. सुनंदाच्या फळ्यासमोर दुसरं कुणी उभं राहिलेलं मला बघवत नव्हतं, बस.

वर्गात नुसता कलकलाट चालला होता. सुनंदानेच दोन वर्षं शिकवलेली ही मुलं. प्रज्ञा काही बोलली नाही, ओरडली नाही... तिने डस्टर उचललं आणि टेबलावर उभं ठेवलं. आडवं नाही, उभं. वर्ग चिडीचूप.

ही सुनंदाची खोड. डस्टर पडायच्या आत गप्प व्हायचं, असा तिचा आणि मुलांचा खेळ असायचा. म्हटलं, असेल योगायोग.

मग प्रज्ञा फळ्याकडे वळली आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात तिने एक रिकामी चौकट आखली. सुनंदा त्या चौकटीत अडलेल्या मुलांची नावं लिहायची, आणि ज्याला कळलं त्याने स्वतः उठून आपलं नाव पुसायचं.

पुढे उदाहरण सोडवता सोडवता प्रज्ञा थांबली, मान किंचित तिरकी केली आणि म्हणाली, "थांबा... मी चुकले वाटतं. कुठे ते शोधा बघू." माझ्या हातातलं पेन खाली पडलं. शब्द तेच, थांबणं तेच, मानसुद्धा तशीच. आणि मुलं... मुलं तिच्याकडे बघतच नव्हती असं मला वाटलं. तिच्या जरा मागे बघत होती.

मध्ये एक मुलगी अडली, तेव्हा प्रज्ञा तिच्या बाकावर जाऊन बसली, तिच्याच वहीत आकडे मांडून दाखवले. तेवढा वेळ मला जरा श्वास घेता आला. का, ते तेव्हा कळलं नाही.

तास संपल्यावर मी तिला जिन्यातच गाठलं. विचारलं, सुनंदाबाईंचा एखादा व्हिडिओ बघितलास का? कुणी काही शिकवलं का? ती बिचारी गोंधळली. ऑफिसातला हार घातलेला फोटो तेवढा पाहिला होता तिने.

"मॅडम, सुरुवातीला माझी वाट लागली होती," ती म्हणाली. "पोरं ऐकायचीच नाहीत. एकदा चुकून डस्टर उभं राहिलं आणि सगळे गप्प. त्या कोपऱ्यात काही लिहिलं की कुणी उतरवूनच घ्यायचं नाही... तिथे नको बाई, म्हणायचे. मग तो कोपरा मी चौकट आखून मोकळाच सोडायला लागले. एकदा मी खरंच चुकले, तर अख्खा वर्ग जागा झाला. जे चाललं ते मी धरून ठेवलं. मला वाटलं, मी शिकतेय."

म्हणजे मुलांनीच तिला घडवली होती. न सांगता, न ठरवता, त्यांना हवी होती तशी. मी तिला सगळं सांगितलं, तर तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"मग एवढे महिने मी सुनंदाबाईंचाच तास घेतेय?" ती हळूच म्हणाली. "यात माझं काय आहे, मॅडम?"

आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली. म्हटलं, अगं, तू बसलीस ना त्या पोरीशेजारी. सुनंदा उभ्या जन्मात वर्गात बसली नाही. बाई बसली की दुकान बंद, असं म्हणायची ती. आणि त्या पोरीने मुकाट सरकून तुला जागा दिली... ती तुला दिली, सुनंदाला नाही.

प्रज्ञा रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू. तिथूनच तडक मोठ्या बाईंकडे गेले आणि सांगितलं, या मुलीला सोडू नका.

परत येताना मधली सुट्टी झाली होती. सातवी 'ब' रिकामी होती, खिडकीतून खाडीचा ओलसर वास येत होता. पेन राहिलं होतं म्हणून आत गेले. फळा पुसलेला होता, फक्त तो कोपरा सोडून. चौकटीत एकच नाव होतं... 'सावंत बाई'. म्हणजे मी.

मुलांपैकीच कुणीतरी लिहिलं असणार. पेन पडलेलं, माझं तोंड पाहिलेलं, पोरांच्या नजरेतून काय सुटतंय. अक्षर मात्र मी नीट बघितलं नाही. धीरच झाला नाही.

नियम नियम असतो. तळहाताने नाव पुसलं, आणि त्या रिकाम्या वर्गात मोठ्याने म्हणाले, "कळलं गं, सुनंदा."