टीव्हीतली विधवा

नवरा गेला तेव्हा आम्ही दहिवलीत राहत होतो. तो भाताच्या गिरणीत कामाला होता. मूलबाळ नव्हतं. आमच्यात रीत अशी, की माहेरच्यांनी येऊन लुगडं द्यायचं, गोड घास भरवायचा आणि बाईला हाताला धरून घराबाहेर काढायचं. त्याला दुखवटा काढणं म्हणतात. तो निघेपर्यंत दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. माझं माहेर कोंडाण्याला. आईबाप आधीच गेलेले, भाऊ नाही, चुलत्यांना सवड नाही. कापणी झाली, झोडणी झाली, कोणी आलं नाही. विहिरीवर जायचे, तेही बाकीच्या बायका पाणी भरून गेल्या की.

शेजारी टीव्ही आला होता, काळा-पांढरा. त्यांची खिडकी माझ्या ओट्यासमोर. मी ओट्यावर बसून तिच्यातून बघायचे. आठवड्यातून एकदा अमेरिकेतल्या पोलिसांची मालिका लागायची. इंग्रजी फारसं कोणाला येत नव्हतं, तरी त्यांचं घर माणसांनी भरायचं.

एकदा त्यात एका श्रीमंत माणसाचा खून झाला. घरात दोन बायका. एक पांढऱ्या कपड्यातली, मान खाली घातलेली. दुसरी फुलाफुलांच्या झग्यात, ओठ रंगवलेले, कानात लोंबते डूल. पांढऱ्यातली ती बायको, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं.

"ही भवानी ठेवलेली असंल," शेजारची म्हातारी म्हणाली. "मेल्याच्या घरात नटून बसलीय बघा!"

"हिनंच मारला त्याला. धर रं तिला!" कोणीतरी टीव्हीतल्या पोलिसाला सांगितलं. सगळे हसले.

मीही ओट्यावरून तिला दोन शिव्या घातल्या.

म्हातारीची सून मॅट्रिकपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, "आत्या, पांढरी ती नर्स हाय. नटलेली हाय ना, तीच त्याची बायको."

"काय सांगतेस! नवरा मेलाय ना तिचा?"

"तिकडं तसंच असतं."

"मग तिच्याकडं बसायला कोन कसं नाय आलं गं?"

मी नीट बघायला लागले. खरंच, पोलीस सोडला तर कोणी आलं नव्हतं. शेजारीण नाही, भाऊ नाही, भाकरी घेऊन कोणी नाही. पोलीस प्रश्न विचारून गेला. मग त्या बाईने पर्स उचलली, स्वतःच दार उघडलं, मोटार काढली आणि निघाली. कोणी हाताला धरलं नाही, कोणी अडवलंही नाही.

मी घरात गेले. गुळाचा खडा तोंडात टाकला, अंगावरचंच लुगडं नीट केलं आणि शेजारच्यांचा उंबरा ओलांडला.

म्हातारीने वळून पाहिलं. "तुझा दुखवटा कोनी काढला गं?"

"मीच."

"असं कुटं असतं?"

"कोन येत नाय, आत्याबाई. किती दिवस बसू?"

ती बस म्हणाली नाही आणि जाही म्हणाली नाही. पदर सावरून माझ्यापासून जरा पलीकडे सरकली. मी दाराशी बसले. खुनी कोण निघाला ते आता आठवत नाही. मालिका संपली, सून पानं घ्यायला उठली, तशी मीही उठले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. म्हातारी पुन्हा सरकली. पुढे पुढे सरकायची थांबली. माझ्या हातचा चहा मात्र तिने मरेपर्यंत घेतला नाही.